सोन्याखालचं तेल

संपादकांचा माणूस दुसऱ्यांदा दारात आला तेव्हा ही आतून म्हणाली, "द्या एकदाचं लिहून. नाहीतरी दिवसभर पडवीत येरझाऱ्याच घालताय." म्हणून लिहायला घेतलं. दुकान कधी काढलं, कधी बंद केलं, असलं काही मी लिहिणार नाही. त्यात कुणाला गोडी वाटायची? माझा धंदा लाकडावर सोनं चढवायचा. एकोणीसशे तिसाच्या अलीकडे-पलीकडे रत्नागिरीत हे काम करणारा मी एकटा होतो, आणि एकटा असल्याची मस्तीही मला भरपूर होती. ती कशी उतरली ते सांगतो.

रत्नागिरीत सोनेरी खुर्च्या कुठून आल्या, असं तुम्ही विचाराल. मुंबईहून आल्या. तिकडे साहेबांचे, शेटजींचे जुने बंगले मोडीत निघाले की सामानाचा लिलाव व्हायचा. आमचे वकील हायकोर्टाच्या कामाला जायचे, डॉक्टर औषधं आणायला जायचे, आणि लिलावात घुसून, किंतानात गुंडाळलेली एखादी फ्रेंच खुर्ची घेऊन आगबोटीवर चढायचे. आगबोट खोल पाण्यात थांबे. तिथून सामान पडावात, आणि पडावातून खलाशाच्या डोक्यावर. खुर्ची उलटी, पाय आभाळाकडे, खाली खलाशी कमरेएवढ्या पाण्यात. शे-सव्वाशे वर्षं पॅरिसच्या कुठल्याशा दिवाणखान्यात काढलेली ती खुर्ची आमच्या बंदरात पहिल्यांदा खारं पाणी प्यायची आणि दोन पावसाळ्यांत तिचं सोनं पापडासारखं फुगायचं. मग सगळ्यांना माझी आठवण व्हायची.

हे काम मी मुंबईला एका फर्निचरच्या कारखान्यात पेद्रू मेस्त्रीच्या हाताखाली शिकलो. पेद्रू गोव्याचा. त्याच्या तीन पिढ्या चर्चमधल्या वेद्यांना सोनं लावण्यात गेलेल्या. तो खुर्ची आली की आधी उलटी करायचा आणि बैठकीच्या पट्टीला आतून बोट फिरवायचा. तिथं कधी कधी चार-पाच अक्षरं ठोकलेली सापडायची. ते सुताराचं नाव. पॅरिसमध्ये सांगाडा जोडणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, सोनं लावणारा वेगळा, आणि गादी भरून कापड मारणारा वेगळा. एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा. आणि नाव ठोकायचं ते फक्त सुतारानं. "आनी सोनं लावतलो?" सोनं लावणाऱ्याचं काय, असं म्हणून पेद्रू मोकळा हात हलवून दाखवायचा. नाव कुठंच नाही. मी जातीचा सुतार, त्यामुळे मला आधी त्याचा अभिमान वाटला. सोनं लावायला शिकल्यावर राग यायला लागला.

सोनं लावणं म्हणजे रंग फासणं नव्हे. आधी लाकडाला सरस. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यांचा काढा. मग खडूची पूड त्याच सरसात कालवून तिचे आठ-दहा लेप. प्रत्येक लेप वाळला की घासायचा. नक्षी त्यात बुजते, ती पुन्हा बारीक हत्यारानं उकरून काढायची. त्यावर तांबड्या मातीचा लोण्यासारखा मऊ हात. मग ती माती ओली करायची आणि वर्खाचं पान खारीच्या केसांच्या ब्रशावर उचलून त्या ओलाव्यावर सोडायचं. पान इतकं हलकं, की जवळ कुणी बोललं तरी उडतं. म्हणून वर्ख लावताना मी कुणाला खोलीत येऊ द्यायचो नाही. शेवटी अकीकाच्या दगडानं घोटायचं. घोटता घोटता सोनं जागं होतं आणि तांबडी माती आतून ऊब देते. याला आम्ही पाण्याचं सोनं म्हणतो. तेलाचं सोनंही असतं. ते सोपं, चिकट तेलावर पान डकवून मोकळं व्हायचं. पण ते घोटता येत नाही, मुकं राहतं. फ्रेंच खुर्चीला लागतं पाण्याचंच. आणि पेद्रूचा एक नियम होता, तो त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितला: ज्या लाकडानं तेल प्यालंय त्यावर पाण्याचं सोनं लावायचं नाही. आज ना उद्या तेल वर येतंच.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका खोतांनी खुर्ची आणली आणि म्हणाले, "मेस्त्री, हिचे हात कापा." मी विचारलं, का. तर म्हणे, मांडी घालून बसता येत नाही, गुडघे अडतात. मी त्यांना समजावलं, की खोतसाहेब, हे हात मुद्दाम थोडे मागे घेतलेत, फ्रेंच बायकांचे घेरदार झगे अडू नयेत म्हणून. कोरणाऱ्यानं एकेका हाताला आठवडा घातला असेल. खोत शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे झगे नाहीत." दुसऱ्या दिवशी मी करवत घेतली आणि दोन्ही हात कापले. छाटलेल्या जागी सोनंसुद्धा लावून दिलं, वर शाबासकीही घेतली. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. पण ती चूक लाकडाची झाली. दुसरी झाली ती माणसांची, आणि तीच सांगायला बसलोय.

खालच्या आळीत तात्या वकील राहायचे. उभा जन्म लोकांच्या वाटण्यांचे दावे लढण्यात गेला. कोकणात वकिलाला त्यासाठी लांब जावं लागत नाही. आणि म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांनी वाटणी मागितली. थोरले दादा, धाकटे भाऊ. घर मधोमध विभागलं, परसात चिऱ्यांचा गडगा घातला, विहिरीवर कुणी कधी पाणी काढायचं ते ठरलं. तात्या दादांकडे राहिले. सगळं वाटून झालं, राहिल्या त्या ओटीवरच्या दोन फ्रेंच खुर्च्या.

खुर्च्या जोडीच्या होत्या. पाठ लांबट गोल, माथ्यावर रिबिनीची गाठ कोरलेली, पाय वरून खाली निमुळते आणि त्यांना पन्हळ्या. दोन्हींच्या पट्टीवर आत तीच पाच अक्षरं. जोडी मोडायची नाही, असं दोघेही म्हणायचे, आणि दोघांनाही दोन्ही हव्या होत्या. या खुर्च्यांवरून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं.

तात्यांना काचबिंदू होता. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर पावसाळ्यापर्यंत. तेव्हा तात्यांनी मला बोलावलं. ओटीवर दादा होते, गडग्यापलीकडून भाऊही आले होते, पण खांबाला टेकून, उंबऱ्याबाहेर.

तात्या म्हणाले, "मेस्त्री, खुर्च्या नीट करा. मग मी चिठ्ठ्या टाकतो. एकेकाला एकेक. आणि गुढीपाडव्याला दोघांनी आपापली खुर्ची इथं आणायची, माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवायची आणि तिच्यावर बसायचं. मला ते बघायचंय. त्यानंतर डोळा गेला तरी चालेल."

दादा म्हणाले, "तात्या, तुमच्यासमोर खुर्चीत?"

"हो. मी सांगतोय म्हणून."

 भाऊंनी होकाराची मान हलवली, आणि दादांनी ती हललेली पाहिली. दोन वर्षांत दोघांचं एवढं तरी जमलं हे पहिल्यांदाच, असं दादांच्या बायकोनं, वहिनींनी, मला नंतर सांगितलं.

काम दादांच्या पडवीत सुरू झालं. सरस शिजवायचा म्हटल्यावर वहिनींनी मला विहिरीच्या पलीकडे, गोठ्यामागे पाठवलं. कातड्याचा काढा घराच्या चुलीजवळ चालायचा नाही. मी तिथं तीन दगडांची चूल मांडून सरस उकळायचो आणि भांडं घेऊन पडवीत पळत यायचो, निवायच्या आत. दादा हौशी. कोर्टातून आले की माझ्याशेजारी उभे राहून बघायचे. "हे काय? ते कशाला?" त्यांच्या या उभं राहण्याचा पुढे काय अर्थ निघणार, ते तेव्हा कुणाला ठाऊक.

एक खुर्ची ठणठणीत होती. दुसरीचं कापड काढून उलटी केली तर मांडीवर पिठासारखी भुकटी सांडली. भुंगा. ते फ्रेंच लाकूड पांढरट, मऊ. आमच्या सागवानाशी झुंजून दात झिजलेल्या भुंग्याला ती मेजवानीच. मागचे दोन पाय आणि एक हात आतून चाळणीसारखे झाले होते. पेद्रूची रीत होती, की भोकाभोकात टर्पेंटाइन सोडायचं, खुर्ची कापूर घालून गुंडाळून ठेवायची, दोन-तीन महिने बघायचं, पुन्हा भुकटी सांडते का ते पाहायचं, आणि मग खडू. माझ्याकडे दोन-तीन महिने नव्हते. पौष चालू होता. पाडवा दिसत होता, तात्यांचा डोळा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर देवळाच्या पालखीचं काम मला मिळतंय असं कानावर आलं होतं आणि विश्वस्त तात्यांच्या ओटीवर येऊन माझं काम बघून जाणार होते.

आमच्याकडे वासा किडू लागला की त्याला काजूच्या टरफलांचं तेल पाजतात. काळं, जळजळीत, बोटाला लागलं तर कातडं सोलतं. होड्यांना लावतात, खांबांना लावतात. माझ्या बापानं जन्मभर तेच केलं, आणि त्यानं तेल दिलेल्या वाशाला पुन्हा भुंगा लागलेला मी पाहिलेला नाही. मी म्हटलं, आतूनच तर द्यायचंय. बाहेर एक थेंब येऊ द्यायचा नाही. मोठी सुई घेतली आणि एकेका भोकात थेंब थेंब सोडलं. भोकं लाखेनं बुजवली. पेद्रूचा नियम मला आठवला होता. विसरलो असतो तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, की पेद्रू गोव्यातल्या चर्चचा माणूस, त्याला काजूच्या तेलाची काय माहिती. गोव्यात काजू नाहीत जणू.

दोन्ही खुर्च्या तयार झाल्या. काय सांगू तुम्हाला, माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतर तसं काम झालं नाही. जुनं सोनं जिथं धड होतं तिथं मी त्याला हात लावला नव्हता. नवं त्याच्याशेजारी असं घोटून मिळवलं, की कुठलं दीडशे वर्षांचं आणि कुठलं माझं, मलाच शोधावं लागायचं. विश्वस्त आले, बघून गेले, पालखी मला मिळाली. तात्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. भुंग्याची खुर्ची भाऊंना गेली. भाऊ ती स्वतः उचलून गडग्यापलीकडे घेऊन गेले.

शिमग्याच्या आसपास उन्हाळा चढला. एके दुपारी भाऊंचं बोलावणं आलं. खुर्ची त्यांनी खिडकीत आणून ठेवली होती. उजव्या हातावर, जिथं पंजा टेकतो तिथं, करवंदाएवढा काळपट डाग. मागच्या पायावर आणखी दोन. सोनं डागाभोवती सुटून उभं राहिलं होतं.

 मी बोट लावलं नाही. बोट लावलं असतं तर वास लागला असता.

"काय हे?" भाऊंनी विचारलं.

मी म्हणालो, "हवा, भाऊसाहेब. समुद्राची हवा आहे. खार धरतो."

एवढंच बोललो. आयुष्यात इतकं लहान आणि इतकं महाग वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

भाऊ हुशार माणूस. शाळेत शिकवायचे. म्हणाले, "हवा तर गडग्याच्या दोन्हीकडे एकच आहे. दादाच्या खुर्चीला काही झालेलं नाही. मी कालच वहिनींना विचारलं." आणि मग थोडं थांबून, "दादा रोज तुमच्याजवळ उभा असायचा ना?"

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "असायचे." आणि पिशवी उचलून चालू लागलो.

पाडव्याला भाऊंनी खुर्ची नेली नाही. निरोप धाडला, की कुजकी खुर्ची वरून सोनं फासून आमच्या गळ्यात मारली, चिठ्ठ्यासुद्धा कशा टाकल्या देव जाणे. दादा भडकले. चिठ्ठ्या तात्यांनी टाकल्या होत्या, म्हणजे भाऊनं बापाला खोटं ठरवलं. दोन्ही घरांची दारं जी लागली ती लागली. गडगा हातभर उंच झाला.

पाडवा गेला, आणि माझी झोप गेली. दिवसाही मला चैन नव्हतं. मी पालखीला बसायचो, वर्खाचं पान उचलायचो आणि माझाच श्वास त्याला उडवून लावायचा. उठायचो, बाहेर पडायचो, आणि पाय आपोआप खालच्या आळीत. दादांच्या दारावरून जायचो, गडग्यावरून भाऊंच्या खिडकीकडे बघायचो, पुढं वळणापर्यंत जाऊन परत यायचो. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. आज सांगतो, उद्या सांगतो. पालखी होऊ दे, मग सांगतो. पालखीचं काम गेलं तर रत्नागिरीत मला कोण विचारणार? झालंच तर लोक म्हणतील, या माणसाला साधी गोष्ट कळली नाही. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे मला ती कळत होती.

तात्या ओटीवर बसलेले असायचे. पाऊल ओळखून विचारायचे, "कोण, मेस्त्री का? या." मी म्हणायचो, "घाईत आहे, तात्या." वैशाखात ते माझ्या दिशेला बघून हाक मारायचे. ज्येष्ठाच्या अखेरीला मी पायऱ्यांच्या डावीकडे उभा असताना ते उजवीकडे बघत हाक मारायला लागले.

हिला मी काही सांगितलं नव्हतं. पण बायकोपासून काय लपतं? एकदा जेवताना म्हणाली, "त्या खुर्चीत काय पुरून आलायत?" मी सगळं ओकलो. ती वाढायची थांबली. म्हणाली, "तुम्हाला पालखी मिळाली. त्या म्हाताऱ्याला काय मिळालं?" मी म्हटलं, श्रावणात पालखी संपतेय, संपली की सांगतो. ती म्हणाली, "बरं, तोपर्यंत त्यांच्या डोळ्याला थांबायला सांगा." आणि ताकाचं भांडं माझ्यापुढे असं ठेवलं, की अर्धं ताटात सांडलं.

तरीसुद्धा मी थांबलो. पालखी पुरी करून दिली. श्रावणातल्या एका सकाळी वहिनी वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "तात्यांना आता दिवस-रात्र सारखीच. गेल्या सोमवारपासून." मी तिथूनच भाऊंकडे गेलो.

भाऊ ओटीवर मुलांच्या वह्या तपासत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तेल, सुई, लाख, पेद्रूचा नियम, हवेबद्दलचं खोटं, सगळं. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

भाऊंनी पेन्सिल खाली ठेवली नाही. म्हणाले, "दादानं पाठवलंय तुम्हाला."

"नाही हो."

"चार महिने तुम्ही हवा-हवा म्हणत होतात. आता तात्यांची दृष्टी गेल्यावर आळीत दादाची छी-थू होतेय, म्हणून तुम्हाला पुढे केलंय. मेस्त्री, तुम्ही त्याच्याच पडवीत काम केलंत."

मी शपथ घेतली. भाऊंनी वही उलटली. माणूस खोटं बोलला की ते लगेच पटतं, आणि तोच माणूस खरं सांगायला गेला की कुणी वळूनही बघत नाही. आणि यात भाऊंची काय चूक होती?

मी पिशवीतून खरवडायचं हत्यार काढलं. खुर्ची कोपऱ्यात पोत्याखाली होती. पोतं काढलं. "काय करताय?" भाऊ उठले. मी उजवा हात धरला, डाग नसलेल्या बाजूला, जिथं माझं सोनं अजून झळकत होतं, आणि जोर देऊन हत्यार ओढलं. सोनं गेलं, तांबडी माती गेली, खडूचे थर ढलप्यांनी उडाले. नक्षी माझ्याच हातानं बुजवलेली आणि उकरलेली, तिच्यावरून हत्यार फिरलं. लाकूड उघडं पडलं. लाखेचा ठिपका दिसला. मी तो टोकरून काढला आणि काळं, घट्ट तेल थेंबभर वर आलं.

"वास घ्या," मी म्हणालो. "बोट लावू नका, पोळेल."

भाऊंनी वाकून वास घेतला. कोकणातल्या माणसाला काजूच्या तेलाचा वास सांगावा लागत नाही. मागच्या पायाकडे बोट करून ते म्हणाले, "तिथंही?" मी तिथंही खरवडलं. तिसऱ्या जागी मी हत्यार टेकवलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "पुरे."

त्यांनी खुर्ची उचलली आणि गडग्यापाशी गेले. "दादा," त्यांनी हाक मारली. दोन हाकांना कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा दादा पडवीच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"माझी चूक झाली," भाऊ म्हणाले. "मेस्त्रींनी सगळं सांगितलं. तू काही केलेलं नाहीस."

दादांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही रोज माझ्या दारावरून जात होतात," ते म्हणाले. "दोन दोनदा. मला वाटायचं, या माणसाला आमची काळजी."   मग दादा गडग्यापाशी आले आणि त्यांनी पलीकडून खुर्चीचे पाय धरले. खुर्ची तशीच गडग्यावरून त्यांच्याकडे गेली. भाऊ मात्र वळसा घालून पुढच्या दारानं, उंबरा ओलांडून आले, दोन वर्षांत पहिल्यांदा; मी त्यांच्या मागोमाग.

तात्या ओटीवर होते. चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली. दादांनी आपली खुर्ची आणून भाऊंच्या शेजारी लावली. दोघे उभेच राहिले.

"कोण कोण आहे?" तात्यांनी विचारलं.

"मी, दादा."

"मी आहे, तात्या," भाऊ म्हणाले.

तात्यांचा हात पुढे आला. आधी दादांच्या खुर्चीची पाठ चाचपली, रिबिनीची गाठ बोटांनी ओळखली. मग भाऊंच्या खुर्चीचा हात. खरवडलेल्या जागेवर बोटं थांबली. मी जवळ जाऊन म्हणालो, "तात्या, ते माझं काम. दोघांपैकी कुणाचा दोष नाही. चूक माझी आहे, आणि मी ती चार महिने लपवली. तुम्हाला दिसत होतं तोवर लपवली."

 तात्यांनी हातानं दोन्ही खुर्च्यांवर थाप मारली. "बसा रे."

दोघे बसले. वडलांसमोर खुर्चीत बसायची सवय नाही, त्यामुळे अगदी कडेला.

"बसले?" तात्यांनी मला विचारलं.

"बसले."

"मग सांगा. मला बघायचं होतं. आता तुम्हीच सांगा कसं दिसतंय."

 मी जे येत होतं ते सांगायला लागलो. दादांच्या खुर्चीचं सोनं कसं उजेडात उठून दिसतंय, रिबिनीच्या कडा कशा झळकतायत, जोडी कशी एकसारखी आहे, एक हात खरवडलेला सोडला तर...

तात्यांनी हात वर केला. "सोन्याचं नका सांगू, मेस्त्री. मुलांचं सांगा."

चार महिने मी त्या घरावरून फिरत होतो आणि या दोन माणसांच्या तोंडाकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं.

"दादांच्या कानावरचे केस पिकलेत," मी म्हणालो. "भाऊंचेही पिकायला लागलेत. दोघांचे गुडघे एकमेकांना लागलेत. कुणी मागं घेतलेला नाही."

"हं," तात्या म्हणाले. "पुढे?"